उलटा आटा

डावखुऱ्या माणसाच्या हाताला उलटा आटा सुलटा लागतो का? या प्रश्नाचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही. जिच्यामुळे तो पडला तिलाच एकदा विचारून पाहिले. ती म्हणाली, "हाताला असं विचारत बसलं तर हात काम करायचा थांबेल." जे हाती लागले ते एका सकाळचे, त्यानंतरच्या पाच दिवसांचे आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या एका पोलादी नटाचे आहे.

सारे तिला डावरी म्हणत. शहराला पाणी पुरवणाऱ्या शुद्धीकरण केंद्रात ती गवत कापण्याच्या कामावर होती. केंद्राच्या मागे साठवणीचा तलाव, त्याला तिन्ही बाजूंनी मातीचा बांध आणि बांधाच्या बाहेरच्या उतारावर गवत. हे गवत शोभेसाठी कापत नसत. ते गुडघ्यावर गेले की बांधातून कुठे पाणी पाझरते ते दिसत नाही आणि उंदीर-घुशी बिळे करू लागतात, म्हणून वर्षातून चार वेळा सगळा उतार बोडका करावा लागे. तिचा नवरा त्याच केंद्रात पंपांवर पाळीने काम करी. पंपांच्या घरघरीत उमेदीची वर्षे गेल्यामुळे की काय, घरी त्याचे सगळे बोलणे हूं आणि हं एवढ्यात आटोपत असे. धाकटा दीरही तिथेच होता: पस्तिशीचा, हाताचा चपळ, इंजिनांचा शौकीन आणि लग्नाचा विषय निघाला की कशाला तरी तेल घालायला निघून जाणारा. केंद्राच्या भिंतीलगतच्या कर्मचारी वसाहतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्यात हे तिघे राहत.

विळ्याची धार एकाच अंगाने लावलेली असते आणि ते अंग उजव्या हातासाठी ठरलेले असते. तरुणपणी तिने असा विळा वर्षभर डाव्या हाताने चालवला आणि मनगट सुजवून घेतले. मग एका लोहाराने तिच्यापुरता एक विळा दुसऱ्या अंगाने धार देऊन घडवला. तो दुसऱ्या कोणाच्याच कामाचा नसल्यामुळे कोणी मागून नेत नसे आणि त्यामुळे हरवतही नसे. "डावरीचा विळा चोराने नेला तर चोरच परत आणून देईल," असे टोळीतल्या बायका म्हणत.

आपल्या भाषेने डाव्या बाजूला फारसा मान दिलेला नाही. जो सरस तो उजवा ठरतो. ज्याला बाजूला सारायचे त्याला डावलतात. क्षुल्लक काम हा डाव्या हातचा मळ असतो. ती या शब्दांकडे कधी लक्ष देत नसे. शब्दांचे मात्र तिच्याकडे लक्ष होते.

ती चाळिशीत असताना केंद्रात पेट्रोलवर चालणारी गवत कापण्याची दोन यंत्रे आली. मुकादमाने सहा जणींना गोळा करून सांगितले की यापुढे सहा विळ्यांची गरज नाही. दोन चालक आणि मागे गवत ओढायला एक माणूस पुरे. ओढायचे काम टोळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईकडे, म्हणजे मावशीकडे गेले, कारण तिची निवृत्ती जवळ होती. एक यंत्र दिराला मिळाले. उरले एक यंत्र आणि पाच जणी. त्यांतल्या चौघींनी इंजिनाचा आवाज ऐकूनच कानांवर हात ठेवले, दोन्ही अर्थांनी. त्यांची सोय कार्यालयाच्या झाडलोटीत लागली आणि तिथेही आणखी जागा उरली नाही.

"मी शिकते," डावरी म्हणाली.

"अगं, हे मशीन उजव्या हाताचं आहे," मुकादम म्हणाला. "याला डावी बाजूच नाही."

"मग मलाही उजवा हात आहे की. मोजून घ्या, दोन आहेत."

मुकादम खोटे बोलत नव्हता. या यंत्राचा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीवर येतो, दांडा उजव्या अंगाला टांगला जातो आणि रेस देण्याचा खटका उजव्या हाताच्या बोटाखाली असतो. पाते अशा दिशेने फिरते की गवत उजवीकडून डावीकडे झोकत न्यावे लागते. वीस वर्षे डावीकडून उजवीकडे विळा मारलेल्या बाईला आपले सगळे अंग आरशात उलटे करावे तसे करून घ्यावे लागले. शिकवायला दीर होता.

"घड्याळ समजा, वहिनी," तो म्हणे. "पातं म्हणजे घड्याळाची तबकडी, बारा तुमच्या समोर. बारा ते तीनच्या मध्ये कशालाही शिवायचं नाही. शिवलात तर मशीन उलट मारतं, आणि मग ते तुमचं ऐकत नाही."

"आणि तुमचं ऐकतं होय, भाऊजी?"

"माझंही नाही. म्हणून तर सांगतोय."

आणखी एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगे. पंधरा मीटरच्या आत माणूस आला की इंजिन बंद. नुसती रेस सोडून भागत नाही. रेस सोडली तरी पाते बराच वेळ फिरत राहते.

आठव्या दिवशी तिच्या पात्याचा तो वर्ज्य कोपरा मातीत पुरलेल्या एका लोखंडी नळाला लागला. यंत्राने तिला अर्धी गिरकी देऊन बांधाच्या दगडी पिचिंगकडे, म्हणजे रचलेल्या दगडांच्या अस्तराकडे, फेकले. पट्ट्याची सुटकेची पट्टी ओढायचे हाताला सुचले म्हणून यंत्र एकीकडे पडले आणि ती दुसरीकडे. ती बराच वेळ दगडावर बसून राहिली. मग उठून पाते तपासले, चीर नाही हे नखाने पाहिले, आणि उरलेले गवत कापूनच घरी गेली. त्या दिवसापासून तिने यंत्राची देखभाल स्वतःकडे घेतली. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल ती मापाच्या बाटलीने मोजून घाली. कमी पडले तर इंजिन जाम होते, जास्त झाले तर धूर ओकते. इंजिन निवल्याशिवाय टाकीचे झाकण उघडत नसे, आणि जिथे पेट्रोल भरले तिथे यंत्र कधी सुरू करत नसे. हवेची जाळी रोज संध्याकाळी धुई. दिराला हे सारे माहीत होते, पण तो चपळ होता; आणि चपळ माणसाला नियम दुसऱ्याला सांगण्यासाठी असतात. पात्यावरचे गार्ड काढून काम केल्याबद्दल त्याला एकदा लेखी ताकीदही मिळाली होती. दुसरी मिळाली की यंत्र हातातून जाणार, असे त्या कागदावर स्पष्ट लिहिले होते.

आता नटाबद्दल. पाते धरून ठेवणारा नट उलट्या आट्याचा असतो. जगातले बहुतेक नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की आवळतात. हा, त्याच्या तोंडाकडून पाहिले असता, काट्यांच्या विरुद्ध फिरवला की आवळतो. यात खोडसाळपणा नाही. गवताचा जोर पात्यावर आला की तो नटाला आवळण्याच्याच दिशेने रेटतो. सरळ आट्याचा नट असता तर कापता कापता सुटला असता. धोका उलट क्षणी असतो. रेस सोडली, दांडा मंदावला आणि पाते आपल्या वेगाने पुढे धावले की सैल राहिलेला नट सुटू लागतो.

घरातल्या बरणीचे झाकण कोणाकडून उघडले नाही तर ते तिच्याकडे येई. डावे मनगट बाहेरच्या बाजूला वळते तेव्हा त्याला जास्त जोर असतो, आणि ते वळण झाकण सोडण्याचे आहे. तेच वळण या नटाला आवळते. सगळ्या यंत्रात तिच्या हातासाठी केलेली अशी ही एकच वस्तू होती. त्यामुळे दोन्ही यंत्रांची पाती बसवण्याचे काम आपोआप तिच्याकडे आले. "उलटं फिरवायचं, वहिनी," असे दीर सुरुवातीला सांगे, मग तेही सांगेनासा झाला. नट फिरवताना खालचा दांडा फिरू नये म्हणून गिअरच्या डबीतल्या भोकात बोटभर लांबीची सळई खुपसावी लागते. अशा दोन सळया आल्या होत्या. एक उतारावर हरवली. उरलेलीला तिने लाल दोरा बांधला होता, आणि ती यंत्रांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. काम झाले की ती पुन्हा खिळ्यावर जाई.

त्या बुधवारी गवत कमरेला लागत होते आणि त्याचे दांडे बोटासारखे जाड झाले होते. कोवळ्या गवतासाठी पात्याच्या जागी लावतात ती नायलॉनची दोरी अशा गवतापुढे टिकत नाही. सकाळी साडेसातला तिने दोन्ही यंत्रे बाकावर उताणी घातली, दोरीची डोकी काढून पोलादी पाती बसवली, नट आवळले, सळई खिळ्याला अडकवली आणि यंत्रे भिंतीवरच्या आकड्यांना टांगून ती पेट्रोल आणायला भांडारात गेली. भांडारपालाला सही हवी होती, सहीला पेन हवे होते, आणि पेन सापडायला वेळ लागला. ती परतली तेव्हा दिराच्या यंत्राचा आकडा रिकामा होता. त्याच्या टाकीत कालचे पेट्रोल शिल्लक होते. तो थांबला नव्हता.

तिने उताराच्या दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. दोघांमध्ये चाळीसेक मीटरचे अंतर असेल. पाव तासाने, कानांवरच्या टोप्यांतूनही, तिला त्याच्या यंत्राचा आवाज वेगळा लागला. इंजिन तेच होते, पण त्याच्या खाली काहीतरी थरथरत होते, पत्र्यावर खडा नाचावा तसे. तिने मान वळवली. दीर झोकात कापत होता. यंत्र हादरले तर तिथल्या तिथे बंद करायचे हे त्यानेच तिला शिकवले होते. आज तो उताराला दोष देत असावा.

तिने आपले इंजिन बंद केले, हेल्मेटची जाळी वर केली आणि हाक मारली. त्याच्या कानांवरही टोप्या होत्या. ती पट्टा सोडून उताराच्या आडव्या रेषेत चालू लागली. पळणे शक्य नव्हते, ओले कापलेले गवत पायाखाली सरकत होते. त्याच वेळी मावशी दाताळे खांद्यावर टाकून बांधाच्या माथ्यावरून खाली उतरताना तिला दिसली. मावशी सरळ त्याच्या दिशेने येत होती. पंचवीस पावले, वीस, पंधरा. डावरीने दोन्ही हात वर केले. मावशीला वाटले ती आपल्याला बोलावते आहे, आणि मावशीनेही हात वर केला. तो हात दिराला दिसला.

त्याने रेस सोडली. इंजिन बंद केले नाही, रेस सोडली.

पाते सुटले. गमबुटाचे रबर आणि त्याच्या आतली नडगी एका रेषेत कापून ते दगडी पिचिंगवर आदळले, तिथून उडाले आणि मावशीच्या पुढ्यात दोन पावलांवर, नाणे फिरता फिरता निजावे तसे, घरंगळत थांबले. मावशी दाताळे घट्ट धरून उभी होती. "मी नुसता मुकादमांचा निरोप सांगायला आले होते," ती म्हणाली. नंतरच्या तासाभरात तिने हे वाक्य कितीतरी वेळा म्हटले.

डावरीने डोक्याचा रुमाल सोडून त्याची नडगी आवळली. तोवर मुकादम धावत आला होता. दिराचा चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्ध होती. "वहिनी," तो म्हणाला, "पातं सैल होतं."

हे वाक्य तिघांनी ऐकले.

दुपारी साहेबांनी तिला कार्यालयात बोलावले. साहेब तरुण होते, इमारतींचे शिक्षण घेतलेले, स्वभावाने सरळ. समोर कोरा कागद होता, शेजारी मुकादम.

"पातं कोणी बसवलं, बाई?"

"मी."

"साहेब, ती डावखुरी आहे," मुकादमाने पुरवणी जोडली. "तिचं सगळंच उलटं. विळासुद्धा उलटा."

"नट कसा फिरवलात? सुलटा की उलटा?"

"उलटा."

साहेबांनी मुकादमाकडे पाहिले. "म्हणजे तुम्हाला कबूल आहे?"

"कबूल काय त्यात? उलटाच फिरवायचा असतो."

साहेबांनी लिहिले आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने बोट ठेवून सावकाश वाचले. *नट उलटा फिरवल्याचे चालकाने मान्य केले आहे.*

"हे मी बोलले ते खरंय," ती म्हणाली. "पण इथं ते खोटं झालंय."

"तुम्हीच म्हणालात ना उलटा?"

"म्हणाले."

"मग सही करा."

तिने पेन खाली ठेवले. साहेबांनी तिला समजावून सांगितले. सोमवारी अकरा वाजता अहवाल मुख्यालयात जाईल. तोवर तिने यंत्राला हात लावायचा नाही. सहीनिशी गेला तर चूक कबूल केली म्हणून थोडी सवलत मिळेल, सहीशिवाय गेला तर तीही नाही. दोन्ही परींनी चालकाची जागा राहणार नाही, आणि दुसरी जागा नाही हे तिला ठाऊकच होते. "आटे कोणाचे ढिले ते सोमवारी कळेल," मुकादम दारातून बाहेर पडताना म्हणाला. त्याला विनोद करायचा होता.

बाहेर पडून ती यंत्रांच्या खोलीत गेली. हात लावायला मनाई होती, पाहायला नव्हती. बाक जागेवर, पाना जागेवर. खिळा रिकामा होता. तिने सळई टांगली होती. टांगताना लाल दोऱ्याला पीळ पडला होता तो सोडवला होता, हेही तिला आठवत होते.

शुक्रवारी दीर घरी आला. नडगीला अकरा टाके होते. हाड वाचले होते. त्याला आतल्या खोलीत, भिंतीकडच्या खाटेवर निजवले. तिने त्याला पाणी दिले, औषधाच्या गोळ्या दिल्या, पायाखाली उशी दिली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. घरात पाऊल टाकल्यापासून त्याने तिला एकदाही वहिनी म्हणून हाक मारली नव्हती.

रुग्णालयातून त्याचे कपडे एका पिशवीत बांधून दिले होते. शनिवारी सकाळी तिने पँट बादलीत भिजवली. रक्ताचे डाग थंड पाण्यातच जातात, म्हणून पाणी दोनदा बदलले. मग खिसे उलटे केले. उजव्या खिशातून चार नाणी, एक रबरी कडे आणि लाल दोरा बांधलेली सळई निघाली.

ती तिथेच, बादलीशेजारी, टाचांवर बसून राहिली. सळई नटाशिवाय दुसऱ्या कशासाठी लागत नाही. ती भांडारात सहीसाठी पेन शोधत होती तेव्हा त्याने नटाला पाना लावला होता. तो काय करायला गेला होता हेही तिला कळत होते: निघण्याआधी नट तपासावा हा नियमच आहे. तिने बसवलेला असला तरी तपासावा. तिने बसवलेला असल्यामुळे तर नक्कीच तपासावा, असेही त्याला वाटले असेल.

तिने सळई धुतली, पुसली आणि त्याच्या खाटेजवळच्या फळीवर औषधाच्या बाटलीला टेकवून ठेवली.

पाळी संपवून आलेल्या नवऱ्याने ती पाहिली. "ही इथं कशी?"

"औषधाजवळ आहे. असू दे तिथंच."

"हं," नवरा म्हणाला. या वेळी हा हं नेहमीपेक्षा लांब होता.

शनिवारी संध्याकाळी सळई बाटलीच्या दुसऱ्या बाजूला सरकलेली होती. रविवारी सकाळी दोऱ्याची गाठ सुटलेली होती आणि ती कोणीतरी पुन्हा, वेगळ्या पद्धतीने, बांधली होती. स्वयंपाकघरात भांडे पडले तर तिघेही दचकत. दुपारी ती पाणी ठेवायला गेली तेव्हा तो छताकडे पाहत होता.

"वहिनी, उद्या काय सांगणार?"

"विचारतील ते."

"आणि मला विचारलं तर?"

"तुम्हाला कोण विचारतंय, भाऊजी? तुम्हाला लागलंय ना."

तिने पेला ठेवला तो जरा जोरात ठेवला गेला. पाणी फळीवर सांडले. त्याने सळई उचलून कोरडी केली आणि मुठीत धरून ठेवली. तिच्याकडे मात्र पाहिले नाही. दुसरी ताकीद म्हणजे त्याच्या हातातले यंत्र गेले, हे दोघांनाही पाठ होते. तिच्या बाजूने पाहिले तर हिशेब त्याहून साधा होता: त्याला यंत्राऐवजी दाताळे मिळाले असते, तिला काहीच नाही. तरीही ती त्या दिवशी नवऱ्याजवळ बोलली नाही, मुकादमाकडे गेली नाही, मावशीलाही तिने साक्षीला उभे केले नाही. का, हे विचारल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या तोंडातून ओढून काढलेलं खरं टिकत नाही. आणि संध्याकाळी भाकरी एकाच तव्यावर भाजायची असते."

सोमवारी अकराला साहेबांच्या टेबलावर तोच कागद होता. तिने एकच मागणी केली: यंत्र इथे आणावे. वर्तमानपत्र पसरून यंत्र टेबलावर उताणे ठेवण्यात आले, पाते बसवलेले, नट हाताने टेकवलेला, भोकात सळईऐवजी एक जाड खिळा.

"मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "ज्याला सुलटं काय ते माहीत आहे त्यानं आवळून दाखवावं."

मुकादमाने बाह्या सरसावल्या. पाना लावला आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ठसक्यात, फिरवला. नट सहज फिरला. आणखी फिरला. तिसऱ्या फेऱ्याला तो पान्यातच निघून आला. मुकादमाने नटाकडे पाहिले, मग पान्याकडे, मग साहेबांकडे.

"घाण अडकली असेल," तो म्हणाला.

डावरीने नट घेतला, डाव्या हाताने चढवला, काट्यांच्या विरुद्ध फिरवला आणि आवळला. साहेबांनी स्वतः पाना लावून पाहिला, हलला नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "उलटा फिरवला म्हणजे आवळला, हे मान्य. मग सैल कसा झाला?"

"मी आवळला तेवढं मला माहीत. त्यापुढचं मला माहीत नाही."

हे खोटे होते. खोलीत ते फक्त तिलाच ठाऊक होते.

"बाई, असं चालत नाही. तुम्ही बसवलंत, दुसऱ्या कोणी हात लावला नाही. लावला असेल तर नाव सांगा. नसेल तर जबाबदारी तुमचीच राहते." त्यांनी पेन उचलले. तिने हात मांडीवर एकावर एक ठेवले, डावा खाली, उजवा वर, आणि बसून राहिली. साहेबांचे पेन कागदावर टेकले.

दारात काठी वाजली. नवरा आधी आत आला. त्याने पाळी बदलून घेतली होती. "साहेब," तो म्हणाला, "याला काही सांगायचंय." केंद्रातल्या कोणी त्याच्या तोंडून एवढे लांब वाक्य आधी ऐकले नव्हते.

दीर त्याच्या खांद्याला धरून उभा होता. त्याने मूठ उघडून सळई टेबलावर ठेवली.

"ही माझ्या खिशात होती. वहिनींनी नट आवळला होता. मी सोडला."

"मुद्दाम?"

"आवळतोय असं वाटलं, साहेब."

त्याने यंत्र उचलायला सांगितले. नवऱ्याने आणि मुकादमाने ते आकड्याला टांगल्यासारखे, पाते जमिनीकडे करून, उभे धरले. दिराने वरून वाकून, पाना पात्याच्या खाली घातला. "मशीन टांगलेलं होतं. घाई होती, बाकावर घेतलं नाही. वरून बघितलं. उलटा फिरवायचा हे पाठ होतं, म्हणून उलटा फिरवला." त्याने पाना फिरवला. वरून पाहताना हात काट्यांच्या विरुद्ध गेला. साहेब गुडघ्यावर बसून खालून पाहत होते, त्यांना तो काट्यांप्रमाणे गेलेला दिसला. नट सैल झाला. "हाताला फिरला. मला वाटलं, बघा, सैलच होता. वहिनींचा हात डावा, राहिला असेल. बरं झालं मी तपासलं." त्याने पाना टेबलावर ठेवला. "पाय शिवत होते तेव्हा लक्षात आलं. बुधवारीच."

"आज सोमवार आहे," साहेब म्हणाले.

"हो."

साहेब उठून उभे राहिले, गुडघे झटकले आणि कागद पुढे ओढला. दोघांनीही नट उलटाच फिरवला होता. त्या एका शब्दावर दोघांचीही सही घेता आली असती आणि दोन्ही सह्या खऱ्या ठरल्या असत्या.

त्यांनी ओळ खोडली. "मग काय लिहू, बाई?"

"घट्ट केला असं लिहा," ती म्हणाली. "घट्ट ते वरून बघा, खालून बघा, घट्टच."

तिने सही केली, उजव्या हाताने, शाळेत गिरवलेल्या वाकड्या अक्षरात.

दिराला दुसरी ताकीद मिळाली आणि वर्षभर मावशीच्या जोडीला दाताळे मिळाले. मावशीने त्याला पहिल्याच दिवशी सांगितले, "माझ्यापासून पंधरा मीटर लांब राहा रे बाबा." केंद्रात उलटं हा शब्द यंत्रांच्या खोलीतून हद्दपार झाला, घट्टाकडे आणि सैलाकडे असे दोनच शब्द उरले, आणि पाते ज्याने चालवायचे त्यानेच, बाकावर, नट वर करून बसवायचे असे ठरले. सळईसाठी बाकाशेजारीच दुसरा खिळा ठोकला गेला. घरी मात्र काही काळ अवघडच गेला. दीर तिला पुन्हा वहिनी म्हणू लागला तो पहिल्यांदा एका बरणीमुळे: ती स्वतः उघडायचा प्रयत्न करून, हात लाल करून घेऊन, त्याने ती तिच्यापुढे ठेवली. "वहिनी, तुमचं काम आहे हे," तो म्हणाला. तिने झाकण उघडले आणि बरणी त्याच्याकडे न देता ओट्यावर ठेवली.

डावरी ३१ मे २०१९ रोजी यंत्रचालक या पदावरून निवृत्त झाली.